न आवडलेली आई

बाबांना कादंबरी आवडली तर ते ती दोनदा वाचायचे. नाही आवडली तर "फोकनाड आहे नुसती" म्हणून जेवताना लेखकाचा उद्धार करायचे. माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा ते आठवडाभर तीच घेऊन बसले. त्यांच्या पाठोपाठ आईनेही वाचली.

रविवारी मी त्यांच्या प्रताप नगरच्या घरी जेवायला गेले आणि पहिल्याच घासाला निकाल लागला.

"आपली कोराडीची पॉवर हाऊसची कॉलनी झकास उतरली, मेघा. खिडकीतली राखसुद्धा दिसून राहिली. पण तो बाप काही पटला नाही मले. पेला फुटला म्हणून पोरीले दिवसभर खोलीत कोंडते? असा कोणी बाप राहते का?"

"कमी करूनच लिहिलाय, बाबा."

बाबा वरणात भात कालवत राहिले. कालवून झालेलाच कालवत राहिले.

मी आईकडे वळले. "तुला कशी वाटली गं?"

तिने माझ्या ताटात पोळी वाढली. वर मात्र बघितलं नाही.

"मले ती आईच नाही आवडली वं. लेकरू आतून हाका मारून राहिलं, अन् ही बाई मुकाट्यानं पोळ्या लाटून राहिली. किल्ली पदराले बांधलेली होती, तरी दार नाही उघडलं तिनं."

कादंबरीत मी किल्ली बापाच्या खिशात ठेवली होती.