कार्डाला हात लावायचा नाही

इंदुमतीबाईंनी सर्व्हर सुरू केला, तसा त्या डब्याच्या पंख्याच्या वाऱ्याने गच्चीवरचा पापड थेट शेजाऱ्यांच्या ताटात जाऊन पडला, असं गल्ली सांगते. बाईंचा हट्ट एवढाच, की डब्याच्या पोटात चालणाऱ्या आभासी संगणकाला, म्हणजे आतल्या पाहुण्याला, स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड द्यायचं आणि त्यावर विमान उडवायचा खेळ खेळायचा. पण बाहेरचा यजमान संगणक जागा होताच कार्ड बळकावून बसे.

"आज नाही जमलं तर डबा भंगारात," जावई म्हणाला. "आई, शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय. गप बसा."

बाईंनी यजमानाला नवी ताकीद लिहिली: जागा झालास तरी कार्डाला हात लावायचा नाही. मशीन पुन्हा सुरू झालं आणि मध्येच स्क्रीन काळीठिक्कर पडली.

"गेलं!" जावयाने खटक्यावर बोट ठेवलं.

"खबरदार! कार्ड सुटलं म्हणून तर यजमान आंधळा झाला. आता आतल्या पाहुण्याला डोळे उघडू द्या."

स्क्रीन काळीच राहिली. बाई हलल्या नाहीत. मग स्क्रीनवर विमानाची धावपट्टी उजळली.

जावयाने घसा खाकरला. "आई, मला एकदा उडवू द्याल?"

"देईन की. आधी खटक्यावरचं बोट काढा."