कड्याची सावली

भरउन्हात टॅबलेटवर काही दिसेना, म्हणून स्वरूपा सावलीला जाऊन बसली. चाकणजवळच्या त्या दगडखाणीच्या कड्याचा नकाशा तिला आज पुरा करायचा होता. सकाळच्या फोटोवर तिने कड्यातल्या भेगा लाल रेघांनी आखून ठेवल्या होत्या. तिचे मदतनीस मन्सूरभाई यांनी खाणीच्या समोरच्या काठावरून आत्ताच पाठवलेला फोटो तिने त्या रेघांखाली घेतला. रेघा भेगांवर बसेनात.

स्क्रीनवर पडलेली दगडाची बारीक कच झटकून तिने फोन लावला. "मन्सूरभाई, कॅमेरा हलला का हो?"

"नाही मॅडम, सकाळपासून स्टँडवरच आहे. पायथ्याची बाभूळ जुळतेय का बघा."

बाभूळ जुळत होती. फक्त मधली भेग सकाळच्या दुप्पट रुंद झाली होती. तिने फोटो मोठा केला. भेगेच्या बरोबर खाली ठिपक्याएवढं कुणीतरी हेल्मेट घालून बसलं होतं.

"भाई, कड्याखाली माणूस आहे! आधी उठवा त्याला!"

"मॅडम... त्या तुम्हीच आहात."

स्क्रीनवर पुन्हा कच पडली.