चिमाजींची जागा

आपण या माणसाच्या पोटावर पाय द्यायला आलोय, हे योगिनीला एव्हाना कळून चुकलं होतं.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होत. रात्री कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये आधी भरायचा, हे वर्षानुवर्षं चिमाजीच ठरवत. आता ते काम सॉफ्टवेअर करणार होतं. त्यासाठी चिमाजींच्या डोक्यातलं सगळं काढून घ्यायचं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळेल असं मांडायचं, ही योगिनीची नोकरी. बिझनेस अ‍ॅनालिस्ट! वाकडच्या शेजारणींना याचा अर्थ समजावणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

मागच्या कंपनीत तिचं काम चोख झालं आणि तिघं घरी बसले. तेव्हापासून तिला या कामाचा वीट आला होता.

चिमाजी मात्र भडाभडा सांगत होते. रात्रपाळीनं डोळे तांबारलेले, तरी शिफ्ट सुटल्यावर मुद्दाम थांबलेले. घाट बंद पडला तर काय, ट्रक वाटेत बिघडला तर काय, न विचारलेलंही सांगत होते. इतका भोळा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"काका, सगळंच सांगायला पाहिजे असं नाही," ती न राहवून म्हणाली.

"न्हाई मॅडम, काय ऱ्हायला नको." मग त्यांनी हळूच विचारलं, "आता मशीनला समदं जमंल न्हवं? माझी गरज उरायची न्हाई?"

योगिनीला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर गोरक्ष यांच्यासमोर तिनं आपलं सगळं कसब पणाला लावलं. ऐनवेळी अडचण आली तर सॉफ्टवेअर पुरं पडणार नाही, शेवटचा निर्णय अनुभवी माणसाचाच हवा, हे तिनं पटवून पटवून सांगितलं.

"म्हणजे चिमाजींना रात्रपाळीवरून हलवता येणार नाही?" गोरक्षांनी विचारलं.

"अजिबात नाही, सर."

"ठीक आहे. तुम्ही म्हणताय तर तसं."

कितीतरी महिन्यांनी योगिनीला हलकं वाटलं. संध्याकाळी चिमाजी कामावर येताच ती लगबगीनं त्यांना गाठायला गेली.

"काका, काळजी सोडा. तुमची जागा पक्की केलीय मी. तुम्हाला इथून कुणी हलवत नाही."

चिमाजींनी हातातला डबा खाली ठेवला.

"मॅडम, घरी मंडळीला लकवा मारलाय. दिवसा शेजारीपाजारी बघत्यात, पर रातीला पाणी द्यायलाबी कुणी न्हाई. दिवसपाळी मागितली, तर साहेब म्हनले, तुझं काम मशीनला जमलं की देतो." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "म्हनून तर ह्ये सॉफ्टवेअर आना म्हनून मीच त्यांच्या मागं लागलो हुतो."