मागची न्हाणी

मुलीने बापाची बॅग भरून दाराशी ठेवली, तेव्हा बुटक्या अंगणात गटाराच्या चेंबरच्या झाकणाखाली पहार घालत होता. झाकण हललं. त्याने आत वाकून पाहिलं आणि पुढच्या मोरीत बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी खळखळत आलं आणि सरळ पुढे निघून गेलं. लाइन साफ होती. कुठे तुंबलं नव्हतं, कुठे झाडाचं मूळ शिरलं नव्हतं, पाइपाला चीर गेली नव्हती.

तरी घरात गटाराचा वास होता. पांघरुणाला होता, पिण्याच्या पाण्याला होता. मुलीचा बाप, मिस्त्री, त्या वासात कित्येक महिने राहत होता. खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायचा आणि खोकत उठायचा. शेवटी शेजारणीने मुलीला फोन केला. तुझ्या वडिलांनी जन्मभर गावाच्या मोऱ्या उपसल्या आणि आता स्वतःच्या घरात नाक दाबून बसलेत, असं ती म्हणाली. मुलगी मिळेल त्या गाडीने आली. उंबऱ्यातच तिने नाकाला रुमाल लावला. तिने बापाला निक्षून सांगितलं की वास गेला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी माझ्याबरोबर चलायचं आणि हे घर विकून टाकायचं.

मिस्त्रीला जायचं नव्हतं. मुलीचं घर चांगलं होतं, जावई भला माणूस होता. पण हे घर त्याने आणि बायकोने एकेक खोली करत उभं केलं होतं. नळ न् नळ, पाइप न् पाइप त्याच्या हातचा होता. आता त्याला घरात राहवत नव्हतं आणि घर सोडवतही नव्हतं.

बुटक्या हा त्याचा धंद्यातला जुना जोडीदार. दोघांनी मिळून इतक्या लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या होत्या, की रस्त्यात भेटलेली माणसं ख्यालीखुशाली विचारायच्या आधी आपल्या बेसिनचं रडगाणं सुरू करायची. बुटक्याचं तोंड झोपेतही बंद नसे. आजही चेंबर बघता बघता तो मुलीला सांगत होता, की तुझ्या बापाने आयुष्यात एकदाच मला चहा पाजला आणि अजून मला त्याची आठवण करून देतो.

हात धुऊन तो घरात आला आणि एकेक जाळी हुंगत फिरला. स्वयंपाकघराची झाली, पुढच्या मोरीची झाली. मग तो मागच्या न्हाणीपाशी थांबला. दाराला कुलूप होतं. खालच्या फटीत जुनी चादर कोंबलेली होती. बुटक्याने ती पायाने जरा बाजूला सारली आणि झटकन तोंड फिरवलं. त्याने किल्ली मागितली.

मिस्त्री म्हणाला, हरवली.

मुलीने बुटक्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. ती आईची न्हाणी. आई तिथे अंघोळ करून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. तिचा साबण, तिचा कंगवा, खुंटीवरचा टॉवेल, सगळं जागच्या जागी आहे. बाबांना त्यातलं काही हलवायचं नाही. तेवढं राहू द्या, काका.

मग बुटक्याने तिला नीट समजावलं. जाळीखाली पाइपाला एक वाक असतो. त्यात थोडं पाणी कायम उभं राहतं. गटाराचा वास वर येतो तो त्या पाण्यापाशी अडतो. मोरी वापरात नसली, की ते पाणी हळूहळू उडून जातं आणि वासाला वाट मोकळी होते. त्याला पहार नको, मजूर नको, फोडाफोड नको. दार उघडायचं आणि बादलीभर पाणी ओतायचं. हे तुझ्या बापानेच मला शिकवलंय, असंही तो म्हणाला.

मुलगी बापाकडे बघत राहिली.

"बाबा, एवढंच होतं तर तुम्ही ओतलं का नाही?"

मिस्त्री न्हाणीच्या दाराला पाठ लावून खाली बसला. फरशीकडे बघत त्याने सांगितलं. तिच्या अंगावरून गेलेलं पाणी त्या वाकात राहिलंय. वरून नवं ओतलं, की जुनं पुढे ढकललं जातं. चेंबरमध्ये जातं, तिथून गावाच्या गटारात. साबण ठेवता येतो, टॉवेल ठेवता येतो. पाण्याचं काय करायचं?

बुटक्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिस्त्रीने वर पाहिलं. बुटक्याने तोंड मिटलं आणि चेंबरचं झाकण लावायचं राहिलंय म्हणत तो बाहेर निघून गेला.

मुलगी बापाशेजारी बसली. गाडीची वेळ होत आली होती, पण तिने बॅगेचं नाव काढलं नाही. थोड्या वेळाने ती उठली. स्वयंपाकघरातून तिने एक खोलगट चमचा आणला आणि झाकणाची काचेची बाटली आणली. बाटली तिने स्वच्छ विसळून पुसली होती.

"किल्ली द्या, बाबा," ती म्हणाली. "आपण आईचं पाणी आधी काढून घेऊ. ह्या बाटलीत भरून ठेवू. मग नवं ओतू. तुम्हाला कुठे जायला नको आणि काही सोडायला नको."

मिस्त्री बाटलीकडे बघत राहिला. मग त्याने बनियनच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"बाटली परत ठेव," तो म्हणाला. "पहिल्यांदा वास आला, त्याच दिवशी मी जाळी उचलून पाहिलं. पाणी संपलं होतं. दार बंद असलं, की ते आत आहे असं म्हणता येतं. कुलूप मी त्यानंतर लावलं."