चार मिनिटांचा बिघाड

लाइनवर अकरा स्टेशनं होती, अकरा स्टुलं आणि अकरा बाया. डोक्यावर अकरा दिवे. टोकाला भिंतीएवढा एक स्क्रीन. कुणी उठलं तर जागेवर बसायला राखीव बाई एकही नव्हती. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं होतं: लाइन बंद.

वर्षालीने स्टॉपवॉच सुरू केलं.

"बघा," प्लांट हेड अनिश कारखानीस म्हणाला. "तुमच्या डोळ्यांदेखत. आता तरी आमच्या व्होल्टेजवर ढकलू नका."

"मी ढकललं नव्हतं."

"तुमच्या साहेबांनी ढकललं होतं. फोनवर."

चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनत. लाइनची कंट्रोल सिस्टीम वर्षालीच्या भोसरीच्या कंपनीने बसवली होती आणि ते प्रोजेक्ट ती सांभाळत होती. सुरू झाल्यापासून लाइन दर शिफ्टला दोनदा आपोआप थांबे आणि चार मिनिटांनी आपोआप चालू होई. कधी अकराला, कधी पावणेबाराला. नेम नव्हता. आज निकाल लागला नाही तर वर्षालीला काढायचं, दुसरी कंपनी आणायची आणि त्यांच्याकडून सगळा प्रोग्राम नव्याने लिहून घ्यायचा, असं कारखानीसने कळवून टाकलं होतं.

"सेन्सर तीनदा बदलला," मेंटेनन्सचा समाधान म्हणाला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. "केबल बदलली. पॅनलमधली धूळ रोज काढतोय. आता सत्यनारायण घालायचा राहिलाय, सर."

"सत्यनारायण नको. राजीनामा घाल."

समाधानची मान खाली गेली. वर्षालीचा आवाज मात्र चढला.

"त्याचा काही संबंध नाही. दोष आमच्या सिस्टीमचा आहे. हवं तर लिहून देते."

"चला," कारखानीस हसला. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोललात."

भोंगा वाजला. पट्टा सरकू लागला. दहा दिवे हिरवे झाले, सातवा लालच राहिला. स्क्रीनवर आलं: स्टेशन सात, ऑपरेटर गैरहजर. तेवढ्यात एक पन्नाशीची बाई लंगडत, लगबगीने आली, ओले हात पदराला पुसत स्टुलावर बसली आणि पुढे निघून गेलेली जुडी तिने हात लांबवून ओढून घेतली.

"सातचं नाव लिहून ठेव," कारखानीस समाधानला म्हणाला. "उद्या मीटिंगमध्ये वाचायचं."

हा स्क्रीन वर्षालीच्याच टीमने बनवला होता. डिझाइनच्या बैठकीत तिने दोन राखीव बाया मागितल्या होत्या. तेव्हा कारखानीस म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही पॅनल बसवा. बाया आम्ही बसवतो." टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. ते हसू आठवलं की अजूनही तिची कानशिलं तापत.

ती सातव्या स्टेशनजवळ जाऊन उभी राहिली. बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर मंजुळाबाई असं नाव होतं.

"तुम्हीच का वो ह्या यंत्रावाल्या?" मंजुळाबाईंचे हात चालूच होते. "लै भिकार केलंय बगा."

"का? काय झालं?"

"थांबायचं तर नीट थांबावं की. संडास त्या कँटीनच्या पल्याड. अकराजणींत दोन दारं. पळत जावं, पळत यावं, तवर ह्याचा भोंगा. मला गुडघ्यामुळं पळणं व्हत न्हाई, मग मीच शेवटी ऱ्हाते."

"आणि लाइन चालू असताना उठलात तर?"

"तर काय, टीव्हीवर नाव. जुन्या लाइनीला शेजारणीला सांगून उठायचो. हितं तिलाच मान वर करायला फुरसत न्हाई. सकाळपास्नं पाणी पीत न्हाई मी, ताई."

"घरून निघताना तरी पीत जा."

"मग हितं काय करू?"

वर्षाली सरळ कारखानीसच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

"सापडलं?" त्याने विचारलं.

"सापडलं. ही लाइन सलग आठ तास चालू शकत नाही. तिला मध्ये विसावा लागतो. तो काढला तर याहून मोठा बिघाड होईल आणि त्याची जबाबदारी मी घेणार नाही."

"मग हे डिझाइनमध्ये का नव्हतं?"

"होतं. त्यासाठीच मी दोन राखीव बाया मागितल्या होत्या. तुम्ही सगळ्यांसमोर ती मागणी उडवून लावलीत." तिचा आवाज थरथरला, तो रागाने थरथरतोय हे त्यालाही कळलं. "बैठकीत सहाजण होते. बोलावू सगळ्यांना?"

कारखानीसने पेन उचललं, ठेवलं.

"त्याची गरज नाही. पण मॅडम, मला स्क्रीनवर लाल नको. हेड ऑफिसला तोच स्क्रीन दिसतो. रोज दोनदा लाल झालं की मला फोन येतो."

"निळं करते. नियोजित विश्रांती म्हणून दिसेल. त्या वेळात कुणाचंही नाव येणार नाही."

"निळ्याला फोन येत नाही," तो विचार करत म्हणाला.

"वेळ थोडा वाढेल."

"निळा असेल तर वाढू दे. कुठे सही करू?"

बाहेर समाधान पॅनलपाशी उकिडवा बसला होता. तिने लॅपटॉप जोडला तसा तो वाकून बघू लागला.

"मॅडम, एकदा दाखवा तरी नक्की दोष कुठे होता. तीन सेन्सर फुकट गेले माझे."

"तुझं नाव कुठे येणार नाही, ते मी बघितलंय," ती म्हणाली. "जरा चहा सांगतोस?"

तो गेल्यावर तिने प्रोग्राममधली लाइन थांबवणारी ओळ उघडली. लाइन सुरू करायच्या आदल्या दिवशी, सगळे जेवायला गेले असताना, तिने स्वतःच ती लिहिली होती. २४० सेकंदांच्या जागी तिने ३६० टाकले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला लाइन थांबली, स्क्रीन निळा झाला आणि बाया उठल्या. मंजुळाबाई सगळ्यांच्या शेवटी चालत परत आल्या आणि स्टुलावर बसल्या, तेव्हा वर्षालीच्या स्टॉपवॉचवर पाच मिनिटं बावन्न सेकंद झाले होते.