सतरा नंबरची वायर

"सतरा नंबरवर काहीतरी जेवतंय," जोनी म्हणाली.

व्हर्लिन हाउगस्टाड तिच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावला. शाळेच्या वायरींच्या त्या खोलीत दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं. "जेवतंय म्हणजे?"

"वीज घेतंय. या वायरींतून डेटा जातो, तशी वीजही जाते. टोकाला जे असेल त्याला वेगळा प्लग लागत नाही. तुमचे फोन, कॅमेरे असेच चालतात. पण त्या सगळ्यांना चिठ्ठ्या आहेत, या सतराला नाही." तिनं आकड्यावर बोट ठेवलं. "साडेतीन वॅट. आणि दर मिनिटाला एक घोट जास्त."

"दर मिनिटाला?" व्हर्लिनचा आवाज खाली आला. "म्हणजे फोटो पाठवतोय."

"काय की. डेटा तर नावालाच आहे."

"चोरून ऐकायला कितीसा लागतो?"

जोनीनं खांदे उडवले. ती मायनॉट शहरातून शाळेच्या वायरी तपासायला आली होती, गावातली भांडणं तिला ठाऊक नव्हती.

व्हर्लिनला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. ग्रोव्हडालची ही शाळा बंद करून मुलांना तीस मैलांवर पाठवायचं की नाही, हे आज दुपारी बाराच्या सभेत ठरणार होतं. मुख्याध्यापकाला, म्हणजे त्याला, बोलायला तीन मिनिटं होती. नाव एकदाच पुकारतात; हजर नसलात तर थेट मतदान. दोन सदस्यांचं अजून ठरत नव्हतं आणि त्यांना त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. पण गेला महिनाभर तो आपल्या खोलीत जे बोलायचा ते दोन दिवसांत शाळा मंडळाच्या अध्यक्षाच्या तोंडी असायचं. घरभेदी कोण, या विचारानं त्याची झोप उडाली होती. म्हणून आज आपण सभेला जाणारच नाही, असं त्यानं शाळेत सगळ्यांना खोटंच सांगून ठेवलं होतं.

"वायर जाते कुठे?"

"छतावरून, ऑफिसांच्या बाजूला. मागच्या उन्हाळ्यातली दिसते." जोनीनं फाइल उलटली. "कामाच्या कागदावर सही आहे लोर्ना टेस्कीची."

"माझी सेक्रेटरी," व्हर्लिन म्हणाला. बारा वर्षं ती त्याच्या दारापाशी बसत होती. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

"छत उचकटून शोधायचं तर दिवस जाईल," जोनी म्हणाली. "आमच्याकडे सोपी रीत आहे. वायर उपटायची आणि कोण ओरडत येतं ते बघायचं. ज्याचं बंद पडतं तो येतोच."

ही रीत व्हर्लिनला फार आवडली. त्यानं एक वॉकीटॉकी तिच्या हातात दिला. "मी सांगेपर्यंत लावायची नाही. आणि यावर चकार शब्द बोलायचा नाही."

"आणि मला भूक लागली तर?"

"इथेच खा."

जोनीनं वायर उपटली.

व्हर्लिन तडक आपल्या खोलीत आला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. सभा रस्त्यापलीकडच्या ग्रंथालयात होती. पावणेबाराला निघालं तरी चाललं असतं. सावधगिरी म्हणून त्यानं सकाळीच मोबाइल आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळ शिक्षकांच्या फ्रिजमध्ये, मोहरीच्या बाटलीमागे ठेवलं होतं. टेबलावरचा फोन आणि कॉम्प्युटर बंद केला होता. आता भिंतीकडे पाठ करून तो खुर्चीत बसला आणि दाराच्या फटीतून लोर्नावर नजर लावली.

लोर्ना पाकिटं चिकटवत होती. एक गठ्ठा संपला, तिनं दुसरा घेतला. मध्येच गुणगुणली. पक्की आहे, व्हर्लिनला वाटलं. इतकी निवांत म्हणजे हिचा कुणीतरी साथीदार असणार.

तो उठून जिममध्ये गेला. तिथे शिपाई ओरिन लाकडी फरशीवर पॉलिशचं यंत्र फिरवत होता. त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. सकाळी कोपऱ्यात असलेलं यंत्र आता पार दुसऱ्या भिंतीशी पोचलं होतं. व्हर्लिन बराच वेळ दारात उभा राहून त्याच्या हालचाली टिपत राहिला. शेवटी ओरिननं यंत्र बंद केलं आणि सॅन्डविचचा डबा उघडला.

"इतक्यात भूक लागली?" व्हर्लिननं विचारलं.

"इतक्यात?" ओरिन हसला. दोघं एकाच वर्गातले. "तू मॅट्रिकपासून असाच खवचट आहेस बघ. शोधतोयस काय?"

"माझं बोलणं बाहेर कोण पोचवतं ते."

"अरे, दर मंगळवारी कॅफेत भाषणाची तालीम तूच करतोस ना? आतल्या स्वयंपाकिणीलासुद्धा पाठ झालंय ते."

विषय कसा बदलतो बघा, असं मनाशी म्हणत व्हर्लिन परतला. खोलीत शिरताना त्यानं काट्यांकडे ओझरतं पाहिलं. घाई नव्हती. पाठ टेकून त्यानं भाषणाचा कागद पुन्हा वाचला, दोन वाक्यं खोडली, एक घातलं. चांगलं झालं होतं. हे ऐकून त्या दोघांची मतं नक्की मिळाली असती.

दारावर टकटक झाली. लोर्ना.

"सर, ते तुमचं..." तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली आणि तिथेच खिळली. "बंद पडलंय की काय?"

व्हर्लिन सावकाश उठला. "आलीस शेवटी. तुझीच वाट बघत होतो."

"माझी? सर, मी फक्त..."

"एक शब्द नको. बारा वर्षं, लोर्ना!" त्यानं आपला वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "जोनी, सतरा लाव परत. बघू दे काय जागं होतं ते."

त्याच्या मागे भिंतीवर किर्र झालं. घड्याळाचे काटे अकरा वीसवरून सुटले, मोठा काटा धावत धावत एक पुरा फेरा मारून पुढे गेला आणि दोन्ही पावणेएकवर येऊन थांबले.