बिनपंख्याचा कॉम्प्युटर

"पंख्याशिवाय कॉम्प्युटर चालला असता, तर कंपन्यांनी पंखा बसवला कशाला असता?" दुकानदार म्हणाला. "उद्या म्हणाल, नाक नको, तसाच श्वास घेते!"

"तुम्ही हीटसिंक द्या," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा."

रविवारी दादा येणार होता, आईला शुश्रूषा केंद्रात न्यायला. हातात चार दिवस.

सात महिन्यांपूर्वी पक्षाघातात आईची वाचा गेली. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. दादा तेव्हापासूनच केंद्राचं म्हणत होता, आईसमोरच. लेक ऐकेल तर शपथ.

एका खोलीचं घर. आईच्या पलंगाला खेटून टेबल, तिथे बसून ती दिवसभर टायपिंगची कामं करायची. कॉम्प्युटर सुरू झाला की पंखे घोंघावायचे आणि आई तळमळायची. ओठ हलवायची, चादर ओढायची, डोळ्यांतून पाणी. तो बंद करून ती स्वयंपाकाला उठली, की आई शांत.

"तुझ्या मशीनने तिचा जीव जाईल," दादा फोनवर म्हणाला. "आणि मशीन बंद ठेवलंस तर खाल काय? हट्ट सोड."

"आवाजच बंद केला तर?"

"करून दाखव. मग ब्र काढणार नाही."

व्हिडिओ बघून बघून ती शिकली. कमी तापणारा प्रोसेसर, बिनपंख्याचा पॉवर सप्लाय. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठिपका, त्यावर तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा वीतभर उंच हीटसिंक.

शुक्रवारी सुरू केला. पाच मिनिटांत पारा पंच्याण्णव अंशांवर, आणि मशीन ठप्प. पुन्हा तेच. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

शनिवारी सगळं खोललं. हीटसिंकच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा तिने काढलाच नव्हता.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" ती स्वतःवरच करवादली. पापुद्रा सोलला, नवी पेस्ट लावली. गरम हवा वर निघून जावी म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणही काढून टाकलं.

रविवारी दादा दारात चपला काढत असतानाच तिने बटण दाबलं. पन्नास अंश. साठ. बासष्ट. तिथेच थांबलं. आवाजाचा मागमूस नाही.

दादा कितीतरी वेळ कान देऊन उभा राहिला. मग म्हणाला, "जिंकलीस बाई. राहू दे तिला इथेच."

ती खुर्चीत बसली. शेजारी आईने चादर ओढली. ओठ हलले, नेहमीसारखेच. आणि त्या शांततेत, श्वासाहून जेमतेम मोठं काहीतरी ऐकू आलं. ती वाकली. कान आईच्या ओठांशी नेला.

"कधीची सांगतेय गं तुला... जाऊ दे मला दादाबरोबर."